जहाजाची प्लेट: कुठे कोणती बसते आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझगाव, वास्को, रत्नागिरीकडचे फॅब्रिकेटर, बार्जमालक, आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली मुलं आणि कधीमधी एखादा कुतूहलाने विचारणारा वाचक यांच्याकडून तेच ते प्रश्न येतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच समज असतो: जास्त ताकदीची पोलादी प्लेट घेतली की जहाज जास्त मजबूत होतं. हा समज अर्धाच खरा आहे. प्लेट निवडताना ती कुठे बसणार, किती जाड असणार, किती थंडी सोसणार आणि बसवल्यावर तिच्यापर्यंत पुन्हा कोणी पोचू शकणार का, हे आधी बघतात. ताकदीचा आकडा त्यानंतर.

बांधकामाची साधी प्लेट आणि जहाजाची प्लेट यांत नेमका फरक काय?

आधी एक गंमत. बाजारात सहज मिळणाऱ्या, बांधकामाच्या आयएस २०६२ ई२५० (भारतीय मानक) प्लेटचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो आकडा, पातळ जाडीत २५० मेगापास्कल असतो. जहाजाच्या ए ग्रेडला किमान २३५ लागतं. कागदावर साधी प्लेटच वरचढ! मग जहाजाच्या प्लेटला जास्त पैसे कशाचे?

पैसे खात्रीचे. प्लेट बनवणारी गिरणी क्लास सोसायटीने, म्हणजे जहाजांचं बांधकाम नियमाप्रमाणे तपासणाऱ्या संस्थेने, आधी तपासून मान्य केलेली असावी लागते. पोलादातला ऑक्सिजन काढलेला असतो, कार्बन आणि गंधक-फॉस्फरसला मर्यादा असते. चाचण्या सोसायटीच्या तपासनिसाच्या, म्हणजे सर्व्हेअरच्या देखरेखीखाली होतात आणि प्लेटवर शिक्का बसतो. ए, बी, डी ग्रेडमध्ये कार्बन ०.२१ टक्क्यांपर्यंत, ई मध्ये ०.१८ पर्यंत. गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०३५ टक्क्यांच्या आत. जहाजाच्या अंगावर वेल्डची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे प्लेट वेल्डिंगला शहाण्यासारखी वागेल याची हमी इथे ताकदीपेक्षा महाग पडते.

ए, बी, डी, ई ही अक्षरं काय सांगतात?

थंडी. ताकद नव्हे, थंडी. साध्या ताकदीच्या चारही ग्रेडचं यील्ड सारखंच, २३५. फरक चार्पी या फटक्याच्या चाचणीच्या तापमानाचा. बी ची चाचणी ० अंशाला, डी ची उणे २० ला, ई ची उणे ४० ला. ए ग्रेडला ५० मिलिमीटर जाडीपर्यंत ही चाचणी सहसा मागत नाहीत. जास्त ताकदीच्या प्लेटांत एफ सुद्धा आहे, तिची चाचणी उणे ६० ला.

चाचणी साधी आहे. प्लेटमधून १० बाय १० मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा काढायचा, त्याला मधोमध २ मिलिमीटरची व्ही आकाराची खाच पाडायची, ठरलेल्या तापमानाला थंड करायचा आणि लंबकाच्या हातोड्याने एका फटक्यात तोडायचा. तुटताना किती ऊर्जा खाल्ली ते मोजायचं. साध्या ताकदीच्या प्लेटला तीन तुकड्यांची सरासरी, लांबीच्या दिशेने, किमान २७ जूल. पावणेतीन किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडलं तर साधारण तेवढी ऊर्जा होते. आकडा छोटा वाटतो, पण चिवट पोलाद आणि काचेसारखं तुटणारं पोलाद यांच्यातली रेघ त्याने आखली जाते.

नावात एच आलं तर जास्त ताकद. एएच३२ म्हणजे यील्ड ३१५, एएच३६ म्हणजे ३५५, एएच४० म्हणजे ३९०. पहिलं अक्षर इथेही थंडीचंच. म्हणजे ईएच३६ आणि एएच३६ यांची ताकद एक, चिवटपणा वेगळा. खरेदीच्या ऑर्डरीत नुसतं ‘३६ ग्रेड’ लिहिणारे लोक मी पाहिलेत. मग गिरणीकडून एएच येते आणि ड्रॉइंग मागत असतं डीएच. तेव्हा यार्डात जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आपल्याकडे समुद्र गरम. मग थंडीची एवढी काळजी कशाला?

याचं उत्तर १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडला मिळालं. ‘स्केनेक्टाडी’ नावाचं नवं कोरं टँकर सागरी चाचण्या करून यार्डाच्या धक्क्याला उभं होतं. वादळ नाही, लाटा नाहीत. पाणी ४ अंशांच्या आसपास, हवा शून्याखाली. एकाएकी मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. डेकपासून दोन्ही बाजूंनी तडा खाली उतरला आणि फक्त तळाच्या प्लेटा सांधून राहिल्या. त्याच काळात घाईघाईने बांधलेल्या २,७१० लिबर्टी जहाजांपैकी अनेकांना असेच तडे गेले, काही तर समुद्रात तुटली.

आधी खापर वेल्डिंगवर फुटलं, कारण ही जहाजं रिव्हेटऐवजी वेल्डने जोडलेली होती. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी तपासून दाखवलं की दोष पोलादात होता. ठरावीक तापमानाखाली ते चिवटपणा सोडून ठिसूळ व्हायचं. वेल्डिंगचा वाटा वेगळा होता: रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या कडेपर्यंत जाऊन थांबतो, वेल्डच्या जहाजात अख्खं अंग एकसंध असल्याने त्याला वाट मोकळी मिळते. डेकवरच्या हॅचचे, म्हणजे माल उतरवायच्या तोंडांचे, चौकोनी कोपरे तड्याला सुरुवात करून देत होते, म्हणून पुढे कोपरे गोल झाले. आजच्या प्रत्येक चार्पी प्रमाणपत्राच्या मागे ही जहाजं आहेत.

आणि मुंबईत बांधलेलं जहाज मुंबईतच राहतं असं कुठे आहे? पुढच्या जानेवारीत ते रॉटरडॅमला असू शकतं. शिवाय प्लेट जितकी जाड, तितकी ठिसूळपणाकडे झुकते. त्यामुळे गरम पाण्यातही जाड जागी वरचा ग्रेड लागतोच.

एकाच जहाजात किती ग्रेड वापरतात? सगळीकडे एकच का नाही चालत?

खांद्यावरची कावड डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांना भार, मधे आधार. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की जहाज तसंच वाकतं: डेक ताणला जातो, तळ दाबला जातो. दोन लाटांच्या माथ्यांवर टोकं आली आणि मधे पोकळी राहिली की उलटं. वीस-पंचवीस वर्षांत हे कोट्यवधी वेळा घडतं.

त्यामुळे सगळ्यात जास्त ताण डेकवर आणि तळाला, तोही लांबीच्या मधल्या पट्ट्यात. बाजूच्या भिंतीच्या मध्यावर वाकण्याचा ताण जवळपास शून्य, तिथे ए ग्रेड खुशाल चालतो. डेक आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे वरच्या बाजूला शीअर स्ट्रेक आणि डेकवर स्ट्रिंगर प्लेट असते. २५० मीटरहून लांब जहाजात मधल्या ०.४ लांबीत या दोन पट्ट्यांना ई किंवा ईएच पेक्षा कमी ग्रेड चालत नाही. तळ आणि बाजू जिथे गोल वळणाने मिळतात त्या बिल्ज स्ट्रेकलाही वरचा ग्रेड लागतो. कल्पना अशी की तडा कुठे सुरू झालाच तर या चिवट पट्ट्यांपाशी येऊन अडावा. जुन्या जहाजांत रिव्हेटच्या कडा जे काम नकळत करायच्या, ते आता हे पट्टे ठरवून करतात.

सगळीकडे ईएच३६ लावली तर? खर्च वाढेल, वेल्डिंग अवघड होईल आणि जिथे गरज नाही तिथे फायदा शून्य.

मग एएच३६ लावून प्लेट पातळ केली तर वजन आणि पैसे दोन्ही वाचतात ना?

काही प्रमाणात वाचतात, आणि तेल, कंटेनर व बल्क वाहणाऱ्या मोठ्या जहाजांत डेक आणि तळाला हेच करतात. पण इथे तीन गोष्टी अडवतात.

पहिली: यील्ड २३५ वरून ३५५ वर गेलं, तरी पोलादाचा ताठपणा तोच राहतो, सुमारे २०६ गिगापास्कल. पातळ प्लेट ताकदवान असली तरी दाबाखाली पापडासारखी फुगून वाकते. त्यामुळे मागे स्टिफनर, म्हणजे प्लेटला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, जवळजवळ लावावे लागतात, आणि वाचवलेलं वजन थोडं परत येतं.

दुसरी: वेल्डची थकवा सोसण्याची, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा ताण पेलण्याची ताकद पोलादाच्या ग्रेडबरोबर वाढत नाही. ताण वाढवला की वेल्डच्या पायथ्याशी तडा लवकर येतो. नियम लिहिणाऱ्यांना हे माहीत असल्याने ते पूर्ण सूट देतच नाहीत. २३५ भागिले ३५५ केलं तर ०.६६ येतं, पण नियमातला गुणक ०.७२ आहे. तेवढा फायदा त्यांनी मुद्दाम हातचा राखलाय.

तिसरी: गंज ताकद बघत नाही. १२ मिलिमीटरमधून ३ गेले तर पाव भाग गेला, १६ मधून ३ गेले तर पाचव्या हिश्श्याहून कमी.

‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटर लांबीचं कंटेनर जहाज १७ जून २०१३ रोजी सिंगापूरहून जेद्दाकडे जाताना अरबी समुद्रात मधोमध तुटलं. २६ जण वाचले, जहाजाचे दोन्ही तुकडे पुढच्या काही आठवड्यांत बुडाले, ४,३८२ कंटेनर गेले. ते अवघं पाच वर्षांचं होतं, आणि त्याच्या वरच्या भागात ४७ ग्रेडचं त्या काळचं अत्यंत ताकदवान पोलाद होतं. तपासात बोट गेलं ते तळाकडे. तळाच्या प्लेटा मध्यभागी दाबाखाली वाकल्या, आणि तिथून मोडतोड वर पसरली असा निष्कर्ष निघाला. वरची प्लेट कितीही भारी असली तरी खालच्या पॅनेलने दाब सोसलाच पाहिजे.

कंटेनर जहाजांत एवढ्या जाड प्लेटा का लागतात?

कारण त्यांना झाकणच नसतं. कंटेनर उतरवता-चढवता यावेत म्हणून डेक जवळजवळ पूर्ण उघडा असतो, बाजूला एक अरुंद पट्टी उरते. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून ते पिळून बघा. टँकरला अख्खा डेक मिळतो, इथे सगळा ताण हॅचच्या कडेची उभी भिंत आणि वरची डेकपट्टी यांनाच घ्यावा लागतो. जहाजं मोठी होत गेली तशा या प्लेटा ५० वरून ८०, मग १०० मिलिमीटरपर्यंत गेल्या. एवढी जाडी वेल्ड करणं कठीण, आणि जाडीमुळे ठिसूळपणाचा धोकाही वाढतो. म्हणून ४६० मेगापास्कल यील्डचं ४७ ग्रेडचं पोलाद आलं, आणि त्यापाठोपाठ तडा अडवणाऱ्या प्लेटा. त्यांची परीक्षा वेगळी: मुद्दाम तडा सोडायचा आणि तो प्लेटमध्ये थांबतो का हे बघायचं.

टँकर, बल्क (सुटा माल वाहणारी), रो-रो (वाहनं चढवणारी) यांचं काय?

टँकरची गोष्ट १९८९ च्या मार्चमध्ये बदलली. अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ खडकावर चढलं, एकेरी तळ फाटला आणि तेल समुद्रात गेलं. त्यानंतर आधी अमेरिकेने आणि मग आंतरराष्ट्रीय नियमांनी दुहेरी अंग सक्तीचं केलं. सर्वसामान्य माणसाला वाटतं की दोन भिंती म्हणजे दुप्पट सुरक्षित. खरं आहे, पण त्या दोन भिंतींमधली पोकळी म्हणजे जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरायची बॅलास्ट टाकी. अरुंद, दमट, खारट, शेकडो कोपरे आणि पलीकडे गरम तेल. गंजण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. आज टँकरच्या प्लेटचं आयुष्य ठरवतो तो या टाक्यांमधला रंग.

बल्क जहाजात मारा वेगळा असतो. माल उपसणारे ग्रॅब मालाच्या कप्प्याच्या तळावर आदळतात, बुलडोझर घासतात. लोहखनिज इतकं जड की सगळे कप्पे भरताच येत नाहीत, काही भरतात, काही रिकामे ठेवतात. मग भरलेल्या आणि रिकाम्या कप्प्यांच्या मधल्या आडव्या भिंतीपाशी, म्हणजे बल्कहेडपाशी, कातरण्याचा जोर येतो. रो-रोचे डेक पातळ आणि चाकांच्या टोकदार भाराचे. केमिकल टँकरमध्ये टाक्यांना स्टेनलेस किंवा डुप्लेक्स, कारण आम्लांपुढे कार्बन पोलाद टिकत नाही.

एलएनजीच्या टाकीला एफ ग्रेड चालेल का?

नाही. एलएनजी उणे १६३ अंशांवर असतं. तिथे ९ टक्के निकेलचं पोलाद, स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा ३६ टक्के निकेलचं इन्व्हार लागतं. पातळ पडद्याच्या एका प्रकारात इन्व्हारची जाडी अवघी ०.७ मिलिमीटर असते. पण जहाजाच्या प्लेटचा संबंध संपत नाही. टाकीतून येणारी थंडी आतल्या भिंतीपर्यंत पोचते, तिथलं तापमान गणित करून काढतात आणि त्यावरून डी, ई की एफ ते ठरतं. एलपीजीचं सोपं: प्रोपेन उणे ४२ ला उकळतं, तिथे खास कमी तापमानाचं कार्बन-मँगेनीज पोलाद पुरतं.

माझी मांडवी-झुआरीत चालणारी बार्ज आहे. मला काय लागेल?

बहुतेक अंगाला ए ग्रेड, जाडी क्लासच्या नियमाप्रमाणे. नदीच्या बार्जला लाटांचं वाकणं कमी, घासणं जास्त: धक्क्याला, वाळूच्या पट्ट्याला, ग्रॅबला. म्हणून ग्रेड वाढवण्यापेक्षा तळ आणि कोपऱ्यांना एक-दोन मिलिमीटर जास्त जाडी दिलेली जास्त कामाला येते. साधी आयएस २०६२ चालेल का, हे विकत घेण्याआधी सर्व्हेअरकडून लेखी घ्या. मुंबईत पवईला मुख्यालय असलेलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असो किंवा दुसरी सोसायटी, प्लेट कापल्यानंतर विचारलं तर उत्तर एकच येतं: नाही.

मुंबई हायसारख्या प्लॅटफॉर्मला जहाजाचीच प्लेट वापरतात का?

काही भागांना मिळतीजुळती, पण विचार वेगळा. मुंबई हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पाणी साधारण ७५ मीटर खोल. तिथले प्लॅटफॉर्म समुद्रतळात ठोकलेल्या जॅकेटवर, म्हणजे नळ्यांच्या पोलादी सांगाड्यावर उभे आहेत. जहाज पाच वर्षांत दोनदा पाण्याबाहेर किंवा निदान तळ-तपासणीला येतं. जॅकेट कधीच सुक्या गोदीत येत नाही. ते जिथे उभं केलं तिथेच राहतं, आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्याच्याकडून आणखी दहा वर्षं मागतात.

म्हणून तिथे पोलाद ईएन १०२२५ किंवा एपीआय २एच, २डब्ल्यू अशा ऑफशोअर मानकांचं. ताकद एएच३६ च्या आसपासचीच, पण गंधक कमी, कार्बन तुल्यांक (वेल्डिंगला पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा) कमी, चिवटपणा जास्त, वेल्ड केल्यावरच्या चाचण्या कडक. पाण्याखालच्या भागावर ॲल्युमिनियमचे ॲनोड नावाचे ठोकळे लटकवलेले असतात, ते स्वतः झिजतात आणि पोलाद राखतात. पण भरती-ओहोटी आणि लाटांच्या शिंतोड्यांच्या पट्ट्यात ॲनोडचा उपयोग नाही, कारण तिथे पाणी कायम नसतं. हवा, मीठ आणि ओल एकत्र येतात, आणि जॅकेटवर सगळ्यात जोराचा गंज तिथेच चढतो. तिथे जास्तीची जाडी आणि खास कोटिंग देतात.

युरोपात समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या मोनोपाइलमध्येही हेच कुळ वापरतात. कित्येक मीटर व्यासाची नळी, काही जागी १०० मिलिमीटरपर्यंत जाडी.

झेड२५, झेड३५ म्हणजे काय? दर ऐकून छातीत धडकी भरते.

चिरोटा आठवा. वरून दाबला तर टिकतो, बाजूने ओढला तर टिकतो, पण पापुद्रे एकमेकांपासून वर ओढले की सुटतात. प्लेट लाटली जाते तेव्हा तिच्यातले मँगेनीज सल्फाइडचे कण सपाट होऊन थर बनतात. लांबी-रुंदीच्या दिशेने प्लेट उत्तम, जाडीच्या दिशेने कमकुवत. जॅकेटच्या सांध्यात एक जाड नळी दुसरीच्या भिंतीवर वेल्ड होते आणि वेल्ड थंड होताना ती भिंत बाहेरच्या दिशेने खेचते. मग पापुद्रा सुटतो. बाहेरून काही दिसत नाही, आत प्लेट फाटलेली.

झेड प्लेटमधून जाडीच्या दिशेने तुकडा काढून ओढतात. तुटायच्या आधी त्याचा आडवा छेद २५ किंवा ३५ टक्के आकसला पाहिजे. त्यासाठी गंधक ०.००८ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, म्हणून दर चढतो. सगळ्या जॅकेटला झेड लागत नाही. सांध्यापाशीच्या जाड नळीच्या तुकड्यांना, उचलण्यासाठी लावलेल्या पॅडआयच्या (कड्यांच्या) प्लेटांना आणि डेकच्या पायांच्या जोडांना लागते. ड्रॉइंगवर जिथे झेड लिहिलंय तिथे ‘थोडंसं जमवून’ साधी प्लेट लावणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

एखाद्या छोट्या वेल्डने मोठं बांधकाम पडू शकतं का?

२७ मार्च १९८० ला पडलं. उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ ही पाच पायांची तरंगती रचना कामगारांच्या राहण्यासाठी वापरली जात होती. संध्याकाळी वादळात तिचा एक आडवा ब्रेस, म्हणजे पायांना जोडणारी नळी, तुटला, मग त्याच्या आसपासचे तुटले, एक पाय सुटला आणि थोड्याच वेळात ती उलटली. २१२ पैकी १२३ माणसं गेली.

चौकशीत सुरुवात सापडली ती एका हायड्रोफोनच्या आधारापाशी. आवाज टिपणारं छोटं यंत्र बसवण्यासाठी ब्रेसला भोक पाडून एक आधार ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डने जोडला होता. त्या वेल्डची बांधणी निकृष्ट होती, आधाराच्या पोलादात पापुद्रे सुटल्याच्या खुणा होत्या. तड्याच्या आत रंगाचे अंश मिळाले, म्हणजे रंग देण्याआधीच, यार्डातच तडा पडलेला होता. डिझाइन करणाऱ्यांच्या लेखी तो आधार म्हणजे किरकोळ जोडकाम. म्हणून ब्रेस, शीअर स्ट्रेक, हॅचचा कोपरा अशा जागी क्लॅम्प, पाइपचा आधार, नावाची पाटी, काहीही विचारल्याशिवाय वेल्ड करायचं नाही. आपल्याकडे हे सर्रास होतं. ‘एक टॅक तर मारायचाय’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा मला तो ब्रेस आठवला.

जॅक-अप रिगचे पाय कशाचे?

जॅक-अप म्हणजे पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणारी रिग. सागर सम्राटही जॅक-अपच. त्या पायांवरचे दातेरी पट्टे साधारण ६९० मेगापास्कल यील्डच्या, पाच-सात इंच जाडीच्या प्लेटमधून कापतात. पाणी मारून आणि तापवून बनवलेलं हे पोलाद वेल्डिंगला फार नखरेल असतं: आधी तापवायचं, मधे थंड होऊ द्यायचं नाही, हायड्रोजनपासून जपायचं. एएच३६ वर हात बसलेल्या वेल्डरने वेगळी पात्रता घेतल्याशिवाय याला हात लावू नये.

आगीत प्लेट किती टिकते?

वितळायच्या खूप आधी हरते. सहाशे अंशांच्या सुमारास पोलादाची ताकद निम्म्याखाली जाते. २६ जुलैच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २००५ ला, मुंबई हाय नॉर्थला एक मदतजहाज राइझरवर, म्हणजे तेल-वायू वर आणणाऱ्या नळीवर आदळलं, वायूने पेट घेतला आणि अख्खा प्लॅटफॉर्म काही तासांत खाक झाला. २२ जणांचा जीव गेला. म्हणून जहाजांत ए-६० भिंती असतात, ज्यांच्या पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान तासाभरात मूळ तापमानापेक्षा १४० अंशांहून जास्त वाढत नाही. ऑफशोअरला तेल-वायूच्या आगीसाठी एच-१२० लागतात. तिथे काम करतं ते इन्सुलेशन. प्लेट फक्त त्याला धरून असते.

प्लेट यार्डात आली. काय काय बघायचं?

प्रमाणपत्रातला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाणीचा क्रमांक, आणि प्लेटवरचा नंबर एकच आहे का. क्लासचा शिक्का आहे का. ३.१ प्रमाणपत्र गिरणीचं स्वतःचं असतं, ३.२ वर बाहेरच्या तपासनिसाचीही सही असते. जहाजाच्या अंगासाठी बहुतेक वेळा दुसरं लागतं. जाडी मोजा: ठरलेल्यापेक्षा ०.३ मिलिमीटरहून पातळ चालत नाही. वजनाचा ताळा घ्या. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी म्हणजे ७.८५ किलो. म्हणजे १२ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २० मिलिमीटरची प्लेट ४,७१० किलो भरली पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक यानंतर होते. प्लेट कापली की नंबर एका तुकड्यावर राहतो, बाकीचे अनाथ. एका यार्डात मी डीएच३६ चे चांगले आठ-नऊ उरलेले तुकडे पाहिले होते, सगळे भंगारात गेले, कारण कोणता कुठून आला हे कोणालाच सांगता येईना. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर आणि ग्रेड रंगाने लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात वेल्डिंग करायचं की नाही?

करायचं, पण रॉडची काळजी घेऊन. ७०१८ सारखे लो-हायड्रोजन रॉड कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडे ठेवले की ओल शोषतात. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि तडा लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी उघडतो. म्हणून जाड आणि जास्त ताकदीच्या प्लेटांची तपासणी बऱ्याचदा ४८ तासांनी करतात. रॉड भट्टीत भाजा, मग गरम डब्यातून लागतील तेवढेच काढा. संध्याकाळी उरलेले रॉड कोपऱ्यात ठेवून सकाळी तेच वापरणारा वेल्डर कितीही चांगला हात असला तरी धोकादायक.

नव्या टीएमसीपी (तापमान सांभाळून लाटलेल्या) प्लेटांचा कार्बन तुल्यांक कमी असतो, एएच३६ ला ५० मिलिमीटरपर्यंत ०.३८ ची मर्यादा. त्यामुळे आधी तापवण्याची गरज कमी पडते. पण याच प्लेटा गॅसने लालभडक तापवून सरळ केल्या तर लाटताना मिळालेली ताकद जाते.

गंज किती झाला की प्लेट बदलायची?

साधारण वीस-पंचवीस टक्के जाडी गेली की, नेमका आकडा क्लास आणि जागेप्रमाणे. पाच वर्षांच्या मोठ्या तपासणीत अल्ट्रासोनिक यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतात. खड्डे आणि कडेचे खोलगट पट्टे वेगळे बघतात. बॅलास्ट टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम २००६ मध्ये आला: १५ वर्षं टिकावा असा रंग, सुकल्यावर ३२० मायक्रॉन, त्याआधी वाळूने किंवा ग्रिटने जवळपास पांढरी केलेली प्लेट आणि गोल घासलेल्या कडा. धारदार कडेवरून रंग ओघळतो आणि गंज तिथूनच शिरतो.

गंजलेल्या प्लेटवर दुसरी प्लेट ठोकून झाकणं म्हणजे डबलर. तात्पुरता, सर्व्हेअरच्या परवानगीने, जवळच्या गोदीपर्यंत जाण्यासाठी. कायमचा नाही.

गुजरातच्या अलंगमधून किंवा मुंबईच्या दारूखान्यातून तोडलेल्या जहाजाची प्लेट स्वस्त मिळते. वापरू का?

क्लासमधल्या जहाजाला नाही. त्या प्लेटचा हीट नंबर कधीच पुसलेला असतो, वीस-पंचवीस वर्षं ती वाकलेली-थकलेली असते, आणि कापताना गॅसच्या ज्वाळेने कडा भाजलेल्या असतात. कोणत्या ग्रेडची आहे हे डोळ्यांनी ओळखणारे म्हणवतात, पण ए आणि ई दिसायला सारख्याच. अशा प्लेटा री-रोलिंग गिरण्यांकडे जातात, तापवून पट्ट्या आणि सळया होतात. शेड, गेट, गटाराची झाकणं, खड्ड्यावरचा तात्पुरता रस्ता, ट्रकचा हौदा यांना खुशाल वापरा. धक्क्यावर उभ्या असलेल्या एखाद्या क्रेनच्या पायाखाली वजन पसरायला ठेवलेली जुनी जाड प्लेट दिसली तर ती बहुधा कुठल्यातरी जहाजाच्या तळाची असते, आणि त्या कामाला ती अगदी योग्य आहे.